कागदावर ३९, हातात साडेपंचेचाळीस: कच्चा माल स्वस्त घेऊनही बिस्किटात पैसे का उरत नाहीत?

गेल्या दिवाळीनंतर आमच्या भागातल्या बचत गटाच्या एक ताई हिशोबाची वही घेऊन आल्या. गट बटर बिस्किटं करतो, २०० ग्रॅमचं पाकीट. "काकू, तीन वेळा माल बदलला. साखर दुसरीकडून घेतली, मैदा बदलला, लोणी तर किलोला ८० रुपयांनी स्वस्त मिळवलं. वहीत प्रत्येक वेळी पाकिटाचा खर्च कमी येतो. महिनाअखेरी गल्ल्यात मात्र तेवढेच. कोण खातंय पैसे?"

कुणी खात नव्हतं. सांगलीत माझं छोटं युनिट आहे. नवा पदार्थ बसवताना हीच अडचण माझ्याकडेही दर वेळी येते आणि घरून केक-बिस्किटं करणाऱ्या निम्म्या बायका मला हाच प्रश्न विचारतात. म्हणून ताईंच्या वहीतलं गणित इथे सविस्तर मांडते. भाव रोज हलतात, त्यामुळे गोल आकडे धरले आहेत. तुमच्या गावचे भाव घालून बघा, रीत तीच राहील.

माल बदलण्याआधीचा ताईंचा मूळ घाणा असा: मैदा १ किलो (४० रुपये), पाकिटबंद बिनमिठाचं लोणी ६०० ग्रॅम (५६० रुपये किलोने ३३६), पिठीसाखर ५०० ग्रॅम (२५ रुपये), आणि बेकिंग पावडर, इसेन्स, चिमूटभर मीठ मिळून ९ रुपये. एकूण ४१०. मळलेलं पीठ २ किलो १०० ग्रॅमच्या आसपास भरतं. वहीत लिहिलं होतं: २१०० भागिले २००, म्हणजे साडेदहा पाकिटं, पाकिटाला ३९ रुपये.

पहिली चूक इथेच सापडली. आपण पीठ विकत नाही, भाजलेलं बिस्किट विकतो.

भाजून निवल्यावर वजन करा

मी ताईंना एक घाणा माझ्यासमोर करायला लावला. पीठ काट्यावर २१००. भाजून, पत्र्यावरच पूर्ण निवू देऊन पुन्हा ठेवलं तर १ किलो ९१५ ग्रॅम. गेलं कुठे? थोडं परातीला नि हाताला चिकटलं, बाकीचं पाणी होऊन उडालं. मैदा हाताला कोरडा लागतो, पण त्यात साधारण १३ टक्के ओलावा असतो. लोण्यात १६ टक्क्यांपर्यंत पाणी असायला कायद्याने मुभा आहे. ८० टक्के दुधाची चरबी असली की ते लोणी प्रमाणात बसतं. ते पाणी आपण लोण्याच्या भावाने विकत घेतो आणि ओव्हनमध्ये उडवून देतो. बिस्किट खुसखुशीत हवं तर ते उडायलाच हवं. फक्त हिशोबात धरायला हवं.

मग तुकडे. पत्र्यावरून काढताना कडा मोडलेली, जास्त लाल झालेली बाजूला काढली, ती ६० ग्रॅम निघाली. उरली १८५५. पाकिटं भरताना मी मुद्दाम मध्ये बोलले नाही, नुसता काटा बघत होते. प्रत्येक पाकीट २०५, २०६, २०७. वजन कमी भरू नये ही ताईंची धास्ती योग्यच आहे. पाकिटावर २०० छापलं तर २०० मिळालंच पाहिजे. पण सरासरी २०६ पडत होती. १८५५ ला २०६ ने भागलं की नऊ पाकिटं. ४१० भागिले नऊ, साडेपंचेचाळीस रुपये.

साडेसहा रुपयांचा हा फरक पुन्हा फोडून पाहिला. भट्टीतली घट ३ रुपये ८० पैसे, तुकडे १ रुपया ४० पैसे, जास्तीचं भरणं १ रुपया ३५ पैसे. ताईंनी साखर किलोमागे २ रुपये स्वस्त मिळते म्हणून दुकान बदललं होतं. अर्धा किलो साखरेवर एक रुपया वाचला, पाकिटामागे ११ पैसे. त्याच्या बारा पट पैसे काट्यावर सहा-सहा ग्रॅमनी जात होते. बिस्किट जरा लहान कापलं, म्हणजे एका बिस्किटाचं वजन २० ग्रॅमवरून १२-१३ वर आणलं, की पाकीट २०० च्या जवळ आणून थांबवता येतं. मोठं बिस्किट असलं की एक घातलं तर जास्त होतं, काढलं तर कमी पडतं.

स्वस्त लोणी खरंच स्वस्त आहे का? कढवून बघा

४१० रुपयांतले ३३६ लोण्याचे. शंभरातले ८२ रुपये एकाच वस्तूवर जात असतील तर डोकंही तिथेच चालवायला हवं. ताईंनी ते केलं होतं, पण भाव पाहून. एका डेअरीचं सुटं पांढरं लोणी त्यांना ४८० ला मिळालं. पाकिटबंद ५६० चं. सरळ ८० रुपयांचा फायदा दिसतो.

मी विचारलं, "स्वस्त लोणी घेतल्यापासून कृतीत काही बदललं का?"

"पहिल्या घाण्याची बिस्किटं कडक आली. म्हणून लोणी थोडं वाढवलं. आता ७०० घालतो."

७०० ग्रॅम लोणी ४८० रुपये किलोने किती झालं? ३३६ रुपये. पहिलं ६०० ग्रॅम ५६० ने किती होतं? ३३६. आकडा पाटीवर लिहिला तेव्हा ताई काही वेळ बोलल्याच नाहीत. सहा महिने त्यांनी त्या डेअरीपर्यंत रिक्षाने हेलपाटे घातले होते.

मग दोन पातेली गॅसवर ठेवली. एकात पाकिटबंद लोणी अर्धा किलो, दुसऱ्यात सुटं अर्धा किलो. आपल्या घरात लोणी कढवणं नवीन नाही, पण कढवण्याआधी आणि नंतर वजन कुणी करत नाही. पाकिटबंद लोणी थोडा वेळ तडतडलं, फेस आला, बेरी तळाशी बसली. सुटं लोणी कितीतरी वेळ नुसतं खदखदत राहिलं, वाफ निघतच होती. गाळून वजन केलं: पाकिटबंदाचं तूप ३९५ ग्रॅम, सुट्याचं ३४०. थोडं तूप बेरीत दोन्हीकडे राहतंच, पण तुलना सारख्या पायावर झाली. आता भाव काढा. २८० रुपयांत ३९५ ग्रॅम, म्हणजे चरबीचा किलोला भाव ७०९. २४० रुपयांत ३४० ग्रॅम, म्हणजे ७०६. फरक तीन रुपयांचा. बाकी ७७ रुपयांचं आपण पाणी आणलं होतं.

त्या डेअरीने फसवलं असं मी म्हणणार नाही. पोळीबरोबर खायला ते लोणी छान आहे, ताजं, थोडं आंबूस, ताक नीट न पिळलेलं. बिस्किटाला ते चालत नाही, कारण जास्तीचं पाणी मैद्याला चिकटा आणतं आणि बिस्किट वातड किंवा कडक होतं. शिवाय रोज पाण्याचं प्रमाण बदलतं, त्यामुळे एक घाणा पसरतो, दुसरा पसरत नाही. व्यवसायाला तोच त्रास जास्त.

तेव्हा स्निग्ध पदार्थांची तुलना करताना बिलावरचा भाव त्यातल्या चरबीच्या अंशाने भागायचा. लोणी ०.८०, तूप जवळजवळ १, वनस्पती (म्हणजे डालड्यासारखं वनस्पती तूप) जवळजवळ १, मार्जरीन (तेलापासून केलेला लोण्यासारखा पदार्थ) बहुतेक ०.८०, पाकिटावर छापलेलं असतं, वाचून घ्या.

याच रीतीने तूप धरून बघितलं. ६४० रुपये किलो तूप लोण्यापुढे महाग वाटतं. पण लोण्यातली चरबी ७०० ने पडते (५६० भागिले ०.८०) आणि तुपातली ६४३ ने. ६०० ग्रॅम लोण्यात ४८० ग्रॅम चरबी, तेवढ्याला ४८२ ग्रॅम तूप पुरतं. ते झालं ३०८ रुपयांचं, वर पीठ बांधायला ६० मिली दूध, साडेतीन रुपयांचं. घाणा ४१० वरून ३८६ वर. मळलेलं पीठ जवळजवळ ६० ग्रॅमने कमी भरतं आणि वहीत लगेच "माल कमी निघतो" असं लिहिलं जातं. भाजल्यावर मात्र फरक १५-२० ग्रॅमवर येतो, कारण कमी झालेलं होतं ते मुख्यतः पाणी. मळलेल्या पिठाच्या वजनावर तुलना केली असती तर तूप उगाच नापास झालं असतं.

अर्थात तुपाचं बिस्किट म्हणजे लोण्याचं बिस्किट नव्हे. ते नानकटाईच्या वळणावर जातं, जास्त ठिसूळ होतं, वास वेगळा, आणि दुधाचे घन पदार्थ कमी असल्याने रंगही हलका येतो. त्याला "बटर बिस्किट" म्हणून विकता येणार नाही. ताईंनी तुपाची नानकटाई म्हणून वेगळं पाकीट केलं. तो मार्ग मला पटला.

वनस्पतीबद्दल सगळे विचारतात, म्हणून सांगते. १५० रुपये किलोच्या आसपास वनस्पती धरली तर पैसे वाचतात, आणि भरपूर वाचतात, हे खरंच आहे. पण दोन गोष्टी. एक, लोणी ३०० आणि वनस्पती ३०० अशी निम्मी-निम्मी वजनाने अदलाबदल केली की चरबी ४८० ऐवजी ५४० होते. ताईंनी हाही प्रयोग केला होता. बिस्किटं ५ सेंटिमीटरची साडेपाचच्या पुढे पसरली, दहा बिस्किटांची ओळ जुन्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये बसेना, नवे ट्रे आणावे लागले आणि मोडतोड वाढली. वनस्पती २४० घ्यायला हवी होती, वर थोडं दूध. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: तो वेगळा पदार्थ आहे, त्याचं नाव, त्याची घटकांची यादी आणि त्याचा भाव वेगळा हवा. लोण्याच्या नावाखाली तो विकू नये. आणि बिनलेबलचा सुटा डबा तर तुलनेतच घेऊ नये. जानेवारी २०२२ पासून खाद्यतेलात आणि वनस्पतीसारख्या स्निग्ध पदार्थांत कारखान्यात तयार होणारं ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर चालत नाही. सुट्या डब्यात किती आहे हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही.

बिलात लपलेले फरक

इथे लोक सहज गंडतात, पण दुरुस्ती पाच मिनिटांची आहे.

तेलाचा डबा १५ किलोचा की १५ लिटरचा? रिफाइंड तेल लिटरला साधारण ९१० ग्रॅम भरतं. १५ लिटर म्हणजे १३ किलो ६५० ग्रॅम. २१०० रुपयांचा १५ लिटरचा डबा किलोला १५४ रुपये पडतो, २२५० रुपयांचा १५ किलोचा डबा १५०. कृती ग्रॅममध्ये असेल तर तेलाचा हिशोबही किलोतच करा.

जीएसटी धरून सांगितलेला भाव आणि "वर टॅक्स" म्हणून सांगितलेला भाव एकाच रकान्यात लिहू नका. तुमची नोंदणी नसेल किंवा तुम्ही कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची योजना) असाल तर मालावर भरलेला कर परत मिळत नाही, तो तुमच्या खर्चातच जातो. मैद्याचं उदाहरण घ्या: लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या पिशवीवर ५ टक्के कर आहे, त्याहून मोठ्या पोत्यावर नाही. त्यामुळे ५० किलोचं पोतं दोन्ही बाजूंनी स्वस्त दिसतं. पण पावसाळ्यात पोतं संपायला दीड महिना लागणार असेल तर मैद्याला जाळी धरते, चाळून दोन-तीन किलो जातो, आणि उरलेल्याला वास येतो तो वेगळाच. जून ते सप्टेंबर मी लहान पिशव्या घेते आणि तो कर आनंदाने भरते.

जुने तक्ते वापरणाऱ्यांनी एक आठवण ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लोणी आणि तुपावरचा कर १२ चा ५ झाला, केक-बिस्किटांवरचा १८ चा ५. त्याआधीचा भाव आणि आताचा भाव शेजारी ठेवून "लोणी उतरलं" म्हणू नका.

कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा डबा उलटा करून ओतला की आत १०-१५ ग्रॅम चिकटून राहतं. डबा दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून मग रबरी चमच्याने निपटा. एगलेस केक करणाऱ्यांचे तीस-चाळीस डबे झाले की एक डबा यातूनच वाचतो.

केकवाल्यांसाठी: अंडी आणि कोको

"उन्हाळ्यात स्पंज कोरडा होतो, कृती तीच आहे" ही तक्रार एप्रिल-मे मध्ये हमखास येते. अंडी शेकड्याच्या किंवा ट्रेच्या भावाने मिळतात, वजनाने नाही. उकाड्यात कोंबड्या खाद्य कमी खातात, अंडं लहान येतं. कवच साधारण ११ टक्के धरलं तर ५५ ग्रॅमच्या अंड्यात ४९ ग्रॅम माल निघतो, ४५ ग्रॅमच्यात ४०. बारा अंड्यांच्या केकात हा फरक शंभर ग्रॅमच्या वर जातो, म्हणजे दोन अंडी तुम्ही घातलीच नाहीत. मग दूध वाढवतात, वेळ वाढतो, केक बसतो आणि दोष मैद्याला जातो. कृतीत "१२ अंडी" लिहूच नका. "फोडलेली अंडी ५८० ग्रॅम" लिहा. भावाची तुलनाही फोडलेल्या किलोवर करा: तीस अंड्यांचा एक ट्रे फोडून वजन करा आणि ट्रेच्या किमतीला त्या वजनाने भागा. श्रावणात अंडी उतरतात, थंडीत चढतात. त्यामुळे श्रावणात बसवलेला ख्रिसमस केकचा भाव डिसेंबरला पुरत नाही. भाव ठरवताना हिवाळ्याचा दर धरा.

कोकोने २०२४ मध्ये सगळ्यांनाच रडवलं. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथलं पीक बिघडलं आणि टनाचा भाव १०,००० डॉलरच्या वर गेला. तेव्हा खूप जणांनी स्वस्त पावडर धरली आणि नंतर तक्रार केली की ब्राउनी फिकी पडते. पावडरींची तुलना किलोच्या भावाने करू नका, रंग-चवीच्या जोराने करा. तीन वाट्यांत गरम पाणी घ्या, चांगल्या पावडरीचे ५ ग्रॅम एकीत, स्वस्त पावडरीचे ५ ग्रॅम दुसरीत, ७ ग्रॅम तिसरीत. तिसरी वाटी पहिलीच्या बरोबरीची झाली तर स्वस्त पावडर ४० टक्के जास्त लागणार, हे केक न करताच कळलं. शिवाय कोको पावडरीत चरबी १०-१२ टक्क्यांची एक जात आणि २०-२२ ची दुसरी. जास्त चरबीची महाग असते, पण केक मऊ राहतो.

यीस्टचं एका वाक्यात: ताजं यीस्ट ३० ग्रॅम लागतं तिथे इन्स्टंट १० ग्रॅम पुरतं, तेव्हा तुलना करताना इन्स्टंटच्या भावाला तीनने भागा.

नवा माल लावायच्या आधी

एका वेळी एकच वस्तू बदला. ताईंनी मैदा आणि लोणी एकाच आठवड्यात बदलले होते, त्यामुळे कडकपणा कशाने आला हे सांगता येत नव्हतं. जुन्या आणि नव्या मालाचे तीन-तीन घाणे करा, एकाच ओव्हनमध्ये, त्याच पत्र्यावर, शक्यतो एकाच दिवशी. प्रत्येक घाण्याला चार आकडे लिहा: मळलेलं वजन, निवल्यावरचं वजन, विकण्यासारखं वजन, निघालेली पाकिटं. दहा बिस्किटं एका ओळीत मांडून फूटपट्टीने लांबी घ्या. पसरण्यातला फरक डोळ्याला दिसत नाही, पट्टीला दिसतो. पाकिटांच्या तळाशी फक्त क्रमांक घालून घरच्यांना आणि दोन जुन्या गिऱ्हाइकांना खायला द्या. आणि दोन पाकिटं महिनाभर फडताळात ठेवा. स्वस्त स्निग्ध पदार्थाचा खवटपणा दुसऱ्या दिवशी नाही, विसाव्या-पंचविसाव्या दिवशी समजतो, तोवर माल दुकानात जाऊन बसलेला असतो.

यानंतर ताईंची वही बदलली. पहिला रकाना भावाचा होता, तो आता शेवटी गेला. त्याच्या आधी "कामी येणारा भाग" आणि "घाण्याला लागणारं वजन" आले. पाकिटबंद लोणी परत सुरू झालं, बिस्किट साडेबारा ग्रॅमचं झालं, पाकीट २०१-२०२ वर थांबतं. तुकडे अजून थोडे जास्त निघतात, त्यासाठी पत्र्याला लागणारा कागद बदलून बघतो आहोत.

एवढं सगळं केल्यावरही आकडा जुळत नसेल तर शेवटी काटा तपासा, खरं तर सुरुवातीलाच तपासा. किराणा दुकानात शिक्का मारलेलं एक किलोचं आणि दोनशे ग्रॅमचं वजन असतं, दुकानदार नाही म्हणत नाही. तुमचा काटा घेऊन जा, मधोमध ठेवून बघा, मग चारी कोपऱ्यांवर ठेवून बघा. ताईंचा काटा मधोमध बरोबर होता, पण ज्या कोपऱ्यावर त्या सवयीने पाकीट टेकवायच्या तिथे दोनशे ग्रॅमला तीन ग्रॅम कमी दाखवत होता.